सिराज शिकलगार यांचे निर्दोष पाणी

बिबवेवाडीतल्या आमच्या ‘नीलगंध’ सोसायटीच्या जिन्याखाली एक गाळा आहे. बॅटरी घ्यायला आलेल्या माणसाला ती न घेता परत पाठवण्याचं काम तिथे सिराज शिकलगार गेली वीसेक वर्षं करत आहेत, आणि त्यावर त्यांचं बरं चाललं आहे. नवा माणूस इन्व्हर्टरची बॅटरी मागायला आला की ते विचारतात, दिवे किती वेळा जातात तुमच्याकडे? महिन्यातून एखाद्या वेळी, असं उत्तर आलं की म्हणतात, मेणबत्ती घ्या, समोर वाण्याकडे मिळते. एकाने मांडणीवरच्या बॅटरीकडे बोट दाखवून ही कशी आहे म्हणून विचारलं. सिराजभाई म्हणाले, वाईट आहे. मग ठेवली कशाला? तर म्हणाले, काही लोकांना आवडते. तो माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि ते देतील ती बॅटरी घेऊन गेला. पुण्यात विश्वास असाच बसतो.

शिकलगारांचं घराणं पेशवाईपासून इथं आहे, असं सिराजभाई कधी सांगत नाहीत. ते इतर लोक स्वतःबद्दल सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच की पणजोबा भवानी पेठेत हत्यारांना धार लावायचे. गिऱ्हाइकं लढायची थांबली तेव्हा आजोबांनी कात्र्या हातात घेतल्या, आणि लोक शिंप्याकडे जायचे थांबायच्या आत वडिलांनी स्वारगेटला ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान काढलं. ते रस्तारुंदीत गेलं. मग सिराजभाई आमच्याकडे आले. पहिल्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, खाली सोसायटीच्या मालकीचा गाळा भाड्याने. धंदा असा घराण्यातून गेला, धार तेवढी राहिली.

गाळ्याचा करार दर तीन वर्षांनी वार्षिक सभेत वाढवून घ्यावा लागतो. हा विषय नेहमी चहाच्या जरा आधी येतो आणि चहाच्या वासावर मंजूर होतो. या वर्षी तो तसा होणार नव्हता. त्याची मुळं मात्र वर्षभर आधीच्या एका खरेदीत होती.

सोसायटीचे सचिव दिगंबर मोघे. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगात जे काही चालतं ते मुद्रितशोधनासाठी आपल्याकडे येणार आहे, अशा बेताने ते वर्तमानपत्र वाचतात. त्यांच्या पत्नी वासंतीबाईंच्या योगासनांच्या वर्गात असं निघालं की रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायलं तर बहुतेक सगळे आजार जातात. दिगंबररावांनी बोहरी आळीत जाऊन ठोक भावाने तोटीची तांब्याची पिंपं आणली आणि घरोघर वाटली. सगळ्यांनी घेतली. सिराजभाई म्हणाले, “आमच्याकडे स्टीलचं पिंप आहे. त्याने अजून काही तक्रार केलेली नाही.”

एक पिंप उरलं. ते दिगंबररावांच्या गॅलरीत उपडं पडून राहिलं. आपण ही गोष्ट मनाला लावून घेतलेली नाही, असं दिगंबरराव पुढे बरेच दिवस सांगत होते.

या उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी दिवसाआड झालं आणि आम्ही बोअरवर आलो. बोअरच्या पाण्याला चव असते. ती कशाची असते हे प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवतो. दिगंबररावांचे केस गळत होते. ते गेली तीस वर्षं गळत होते, पण आता त्यांना कारण मिळालं. बॅटरीत शिसं असतं. बोअर गाळ्याच्या मागे आहे. सिराजभाई बॅटऱ्यांची टोकं गरम पाण्याने धुतात आणि ते पाणी मागच्या मोरीत जातं. हे तिन्ही मुद्दे खरे होते. तीन खरे मुद्दे एका ओळीत आले की चौथ्याची गरज आमच्या सोसायटीत कोणाला वाटत नाही.

तरीही दिगंबरराव पुराव्याचा माणूस. त्यांची पुतणी स्पृहा एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. तिचं काम ऐकायला सोपं आहे. उसाचा रस एका बंद भांड्यात बरेच तास तापवायचा. त्यातून कार्बनचे कण निघतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत त्यांची हजारोंची रांग मावेल. त्यांचे चार थेंब पाण्यात टाकून जांभळ्या टॉर्चखाली धरले की पाणी निळं चमकतं. पाण्यात शिशासारखा जड धातू असला की तो कणांना चिकटतो आणि चमक मंदावते. चमकलं तर पाणी चांगलं, विझलं तर गडबड. दिगंबररावांनी इतके फोन केले की शेवटी तिने एक बाटली आणि एक टॉर्च काकांच्या हातात दिली. देताना सांगितलं की हे अजून कच्चं आहे, नमुना थेट नळाखाली प्लॅस्टिकच्या बाटलीत धरायचा, आणि यावरून कोणाला काही बोलायचं नाही.

दिगंबररावांनी सगळं नीट ऐकलं. पण नळाचं पाणी तपासण्यात त्यांना तर्कदोष दिसला. माणूस नळ पितो का? माणूस पितो ते घरात भरून ठेवलेलं पाणी. मग तपासायचं तेच. तेव्हा त्यांनी गटावर संदेश टाकला की प्रत्येक घराने ‘आपण प्रत्यक्ष पितो ते’ पाणी सकाळी स्वच्छ बाटलीत भरून सचिवांकडे आणून द्यावं. लोकांनी आणून दिलं. आमची सोसायटी वर्गणी सोडून बाकी सगळं वेळेवर देते. सिराजभाईंकडची बाटली त्यांच्या पत्नी नसीमबानूंनी स्वतः आणून दिली आणि वर विचारलं, एवढी पुरेल ना, का अजून देऊ?

तपासणी मीटरच्या खोलीत दार लावून झाली. आत दिगंबरराव आणि अध्यक्ष दत्तप्रसाद असे दोघेच होते. बाटल्या ओळीने ठेवल्या, थेंब टाकले, दिवा बंद करून टॉर्च फिरवली. पहिली बाटली विझलेली. दुसरी विझलेली. तिसरी, चौथी, सगळी ओळ राखेसारखी. आणि मधेच एक बाटली अशी निळी पेटलेली की दत्तप्रसाद दोन पावलं मागे सरले. दिगंबररावांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. शिकलगार.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. एरवी ज्याच्या घरचं पाणी चांगलं निघालं तो सुटला असता. आमच्याकडे विचार जरा खोल जातो. सिराजभाईंचं पाणीही विझलं असतं तर ते निष्काळजी ठरले असते. ते चमकलं, म्हणजे ते जाणूनबुजून करत होते. ज्याला विष कुठे आहे हे माहीत असतं तोच ते टाळतो. कोणी म्हणालं, त्यांनी वेगळी लाइन घेतली असणार. कोणी म्हणालं, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ते घरी पीत असणार. धर्माबिर्माचं कोणी बोललं नाही. सुशिक्षित सोसायटी आहे. फक्त ‘त्यांचं काही सांगता येत नाही’ या वाक्यातला ‘त्यांचं’ हा शब्द नेहमीपेक्षा जरा दाबून उच्चारला जात होता. आणि तपासणीनंतर सगळ्यांनी नळाचं पाणी जास्तच काळजीने तांब्याच्या पिंपात भरून ठेवायला सुरुवात केली. तांबं दोष मारतं.

दोन दिवसांनी सिराजभाईंना नोटीस गेली: आपल्या घरचे पाणी स्वच्छ असण्याचे कारण सभेत स्पष्ट करावे, समाधानकारक खुलासा न झाल्यास गाळ्याचा करार वाढवला जाणार नाही.

सिराजभाईंनी नोटीस दुकानातच उभ्याने वाचली. ती घेऊन स्वतः दिगंबरराव आले होते. “दिगंबरराव,” सिराजभाई म्हणाले, “पाणी घाण केलं म्हणून लोकांना नोटीस येते. स्वच्छ आहे म्हणून आलेली पहिलीच बघतोय. छान छापलीय. ‘समाधानकारक’मध्ये एक काना राहिलाय.”

दिगंबररावांनी कागद हातातून घेऊन पाहिला. काना होता. पण तेवढ्यात त्यांचं बोलायचं राहून गेलं.

दुकानात असं बोललं तरी सिराजभाई वर गेल्यावर तसे नव्हते. हे नसीमबानूंनी नंतर वासंतीबाईंना सांगितलं. माणसाने साठीला टेकल्यावर दुसरीकडे गाळा शोधायचा म्हणजे सगळी ओळख नव्याने करायची. मुलगा शहाबाज कात्रजला राहतो, तो किती दिवस म्हणतोय की इकडे या, आता पुरे. नसीमबानूंचंही मत तेच पडलं: सभेला जाऊच नका, त्यांनी काढायच्या आत आपण निघू. दुकानातून आल्यावर सिराजभाई आजकाल हात फार वेळ धुतात, हे नसीमबानूंच्या लक्षात आलं होतं. मागच्या मोरीपाशी ते एकटेच उभे राहतात, हेही कोणीतरी सांगितलं होतं. गाळा जाण्यापेक्षा एक वेगळीच शंका सिराजभाईंना खात होती. लोक म्हणतात ते खोटं आहे हे त्यांना तरी कुठं माहीत होतं? शेवटी ते म्हणाले, “जायचं तर जाऊ. पण पाणी बिघडवून पळाला, असं नको.”

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे झाकलेल्या दुचाक्या, कोपऱ्यात चहाचं पातेलं. सिराजभाई इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लोकांना मागे बसायला आवडतं, एवढंच.

दिगंबररावांनी टीव्हीच्या खोक्याला भोक पाडून अंधारी पेटी केली होती. प्रत्येकाने येऊन डोळा लावायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायची. सोसायटी कोणावर अन्याय करणारी नव्हती. एका बाजूला सिराजभाईंच्या घरचं पाणी ठेवलं. दुसऱ्या बाजूला पीडित घराचा ताजा नमुना हवा, म्हणून त्यांनी वासंतीबाईंना वरून आपल्या घरचं पिण्याचं पाणी आणायला सांगितलं. त्या स्टीलच्या फुलपात्रात घेऊन आल्या. थेंब पडले, टॉर्च लागली, आणि पहिला डोळा अध्यक्षांनी लावला.

“दोन्ही चमकतायत,” दत्तप्रसाद म्हणाले.

दिगंबररावांनी त्यांना बाजूला करून स्वतः पाहिलं. मग हळूच बायकोकडे वळले. “अगं, हे तू नसीमभाभींकडून आणलंस का?”

“त्यांच्याकडून कशाला आणू? आपल्या नळाचं आहे.”

“पिंपातलं सांगितलं होतं ना.”

“अहो, पिंप चिंचेत घालून ठेवलंय घासायला. दुपारी तुमची बहीण येणार आहे, काळं पिंप बघून बोलेल मला. म्हणून नळाखाली धरलं. बोअरचंच आहे, आज महापालिकेचं कुठंय?”

दिगंबररावांनी, त्यांचं कौतुक केलं पाहिजे, विषय टाळला नाही. त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला, आवाज मोठा केला आणि स्पृहाला काय झालं ते सांगितलं.

“काका, आधीचे नमुने कशातून घेतले होते?”

“प्रत्येकाच्या पिंपातून.”

“पिंप कशाचं?”

“तांब्याचं. रात्रभर भरून ठेवलेलं. मीच आणली होती सगळ्यांना.”

“म्हणजे तुम्ही तांबं तपासलंत,” ती म्हणाली.

“पण तू शिसं म्हणाली होतीस.”

“मी धातू म्हणाले होते. त्याला शिसं कुठलं आणि तांबं कुठलं ते कळत नाही अजून, काका. कोणीतरी आलंय एवढं कळतं, की विझतं. कोण आलंय ते ओळखायला शिकवायचं, हेच तर माझं काम आहे. दोन वर्षं झाली.”

एकाने विचारलं, मग आम्ही वर्षभर काय पीत होतो? स्पृहा म्हणाली, त्यातून उतरतं ते थोडंच असतं, घाबरायचं कारण नाही. आंबट काही ठेवू नका म्हणजे झालं.

इथे खरं तर सभा संपायला हवी होती. पण घाबरायचं कारण नाही म्हटल्याबरोबर लोकांना जोर आला. मागून कोणीतरी म्हणालं की तांबं उतरतं म्हणजे भांडं अस्सल आहे. ते सगळ्यांना पटलं. मगाशी जे विष होतं ते बघता बघता औषध झालं. कोणाची बाटली जास्त विझली होती याची चौकशी सुरू झाली. दिगंबररावांनी आठवून सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरच्या आम्रपालीबाईंची सगळ्यात काळी होती. आम्रपालीबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या की त्या रोज दोन वेळा भरतात. एका गृहस्थांची बाटली जरा उजळ होती. ते दिगंबररावांना हळूच विचारू लागले की त्यांचं पिंप दुसऱ्या लॉटमधलं होतं का.

मग सगळ्यांचं लक्ष सिराजभाईंकडे गेलं. त्यांच्या पाण्यात काहीच नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी तो गुन्हा होता. आता त्याबद्दल हळहळ वाटू लागली. वासंतीबाईंच्या योगासनांच्या वर्गातल्या एका बाईंनी नसीमबानूंना आपुलकीने विचारलं, गुडघे दुखतात का हो तुमचे? दुखतात, असं त्या म्हणाल्या. त्या बाईंनी मान हलवली. कारण सापडलं होतं.

अध्यक्षांनी विषय मार्गी लावला. सोसायटीच्या जागरूकतेमुळे पाण्याबाबतचा गैरसमज वेळीच दूर झाला याबद्दल सभेने सोसायटीचं अभिनंदन केलं, गाळ्याचा करार वाढवला, आणि सगळे चहाकडे वळले. सिराजभाई मात्र जागेवरच बसून होते.

“इतिवृत्तात काय लिहिणार?” त्यांनी दिगंबररावांना विचारलं.

दिगंबरराव म्हणाले, करार वाढवला असं लिहू.

“तो तर तीन वर्षांनी परत वाढवाल नाहीतर काढाल. माझ्याबद्दल काय लिहिणार?”

दिगंबररावांनी पेन उघडलं. संशयाचा फायदा देण्यात येत आहे, असं ते पुटपुटले. सिराजभाईंनी सांगितलं, फायदा नको, एक सरळ वाक्य लिहा. दिगंबररावांची मोठी पंचाईत झाली. सिराजभाईंनी पाणी बिघडवलं नाही, असं लिहायचं तर तसं कुठे सिद्ध झालं होतं? सिद्ध एवढंच झालं होतं की सचिवांनी तांबं मोजलं. आणि जे सिद्ध नाही ते इतिवृत्तात लिहायला त्यांचा हात होईना. नोटीस लिहिताना असं काही झालं नव्हतं. बराच विचार करून त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘श्री. सिराज शिकलगार यांचे पाणी निर्दोष आढळले.’

सिराजभाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग उठले. “पाणी निर्दोष. ठीक आहे. माझं नंतर बघू,” म्हणाले, आणि चहा न घेता वर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पृहाचा नंबर वासंतीबाईंकडून घेतला. शिसं आहे की नाही हे नक्की सांगणारी दुसरी तपासणी असते का, एवढंच विचारलं. असते, पण त्यासाठी मोठं यंत्र लागतं, मी करून देते, असं ती म्हणाली. मग त्यांनी ती सांगेल तसं, प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, एक नमुना बोअरचा आणि एक मागच्या मोरीचा घेतला आणि दुकान बंद ठेवून तिच्याकडे पोचवला. हे सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. पाण्याचा विषय मिटला होता आणि गटावर आता लिफ्टमधल्या आरशाचं चाललं होतं. बोअरमध्ये शिसं नव्हतं. मोरीत थोडं होतं. त्याच आठवड्यात सिराजभाईंनी टोकं धुवायची जागा बदलली, खाली प्लॅस्टिकचा मोठा ट्रे ठेवला आणि ते पाणी भंगारात बॅटऱ्या नेणाऱ्याच्या कॅनमध्ये भरून द्यायला लागले.

पावसाळ्याच्या तोंडावर दिगंबररावांचा इन्व्हर्टर बसला. त्यांनी बरेच दिवस काळोखात राहून पाहिलं. मग एका दुपारी गाळ्यात आले. सिराजभाईंनी बॅटरी तपासली आणि हिच्यात अजून वर्षभर जीव आहे, पाणी कमी झालंय फक्त, असं सांगून ते भरायला बसले. दिगंबरराव स्टुलावर बसले. त्यांची नजर सारखी त्या ट्रेवर जात होती.

“स्पृहा म्हणत होती,” शेवटी ते म्हणाले, “बोअरमध्ये शिसं नाही.”

“नाही.”

“मग गटावर टाकायचं ना. लोकांना कळलं असतं.”

“आहे म्हणायला त्यांना यंत्र लागलं नाही,” सिराजभाई वर न बघता म्हणाले. “नाही म्हणायला कशाला लावू?”

दिगंबररावांनी मग सांगितलं की घरी एक पिंप उरलंय, नवंकोरं, गॅलरीत नुसतं पडून आहे. वासंती म्हणत होती की नसीमभाभींना देऊन येऊ. तसंच, भेट म्हणून.

सिराजभाईंनी बॅटरीचं झाकण लावलं, हात धुतले, पुसले. उकाडा होता. त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपातून भांडं भरून दिगंबररावांसमोर धरलं. दिगंबररावांनी ते घेतलं, ओठाला लावायच्या आधी सवयीने उजेडाकडे धरून आत पाहिलं, आणि लगेच ओशाळले.

“स्टीलचं आहे,” सिराजभाई म्हणाले. “चव लागणार नाही. प्या.”

दिगंबरराव सगळं पाणी प्यायले आणि आणखी मागितलं.